जुन्या धाटणीचे सुपरहिरो जमवताना: पैसे पाचव्या टप्प्यावर द्या

सुपरहिरोच्या एखाद्या जुन्या खेळण्यातल्या बाहुल्याचा, म्हणजे ‘ॲक्शन फिगर’चा, फोटो पाठवून ‘हा ओरिजिनल आहे ना?’ असं विचारणारे निरोप मला अधूनमधून येतात. त्यातले बहुतेक पैसे देऊन झाल्यावर आलेले असतात. मग मी काहीही उत्तर दिलं तरी उपयोग शून्य. चूक बहुधा क्रमाची असते. आधी खरेदी, मग चौकशी, मग घाईघाईत साफसफाई, आणि ठेवायचं कुठे याचा विचार पहिला पावसाळा उलटल्यावर. खाली तोच क्रम सरळ करून लिहिला आहे. पैशांची पाळी पाचव्या टप्प्यावर येते, त्याआधी पाकिटाला हात लावू नका.

टप्पा १: ‘रेट्रो’ म्हणजे नेमकं कोणतं, ते ठरवा

‘रेट्रो’ हा एकच शब्द तीन वेगवेगळ्या वस्तूंना लावला जातो आणि निम्मी फसगत तिथेच होते.

पहिली जात म्हणजे त्या काळात खरोखर बनलेल्या फिगर. मेगो कंपनीचे कापडी पोशाखातले आठ इंची बाहुले १९७२ पासूनचे. केनरची ‘सुपर पॉवर्स’ मालिका १९८४ ते १९८६ मधली, मॅटेलची ‘सीक्रेट वॉर्स’ १९८४-८५ मधली. टॉय बिझच्या डीसी आणि मार्व्हल (सुपरहिरोंच्या दोन मोठ्या कॉमिक्स कंपन्या) फिगर १९८९-९० च्या सुमाराच्या.

दुसरी जात नव्या, पण मुद्दाम जुन्या वळणाने घडवलेल्या फिगरची. मॅटेलने २०१० मध्ये मेगोच्या धर्तीवर कापडी कपड्यांतले आठ इंची डीसी हिरो काढले. खुद्द मेगो हे नाव २०१८ मध्ये पुन्हा बाजारात आलं. मॅकफार्लेनने २०२२ मध्ये ‘सुपर पॉवर्स’ त्याच नावाने, जवळपास त्याच मापात आणि जुन्याची आठवण करून देणाऱ्या कार्डावर (फिगर लावून विकतात तो छापील पुठ्ठा) पुन्हा सुरू केलं. पहिल्या खेपेत बॅटमॅन, सुपरमॅन आणि डार्कसाइड होते. हॅस्ब्रोने तर केनरच्या जुन्या वळणाच्या कार्डांवर मार्व्हलचे पावणेचार इंची हिरो काढले. गंमत अशी की केनरने त्या काळात ही मालिका काढलीच नव्हती. म्हणजे कधी अस्तित्वातच नसलेल्या वस्तूची ही जुनी आवृत्ती! मला ती आवडते, पण तिला ‘विंटेज’ म्हणणारा विक्रेता दिसला की मी पुढे सरकतो.

तिसरी जात सर्वांत त्रासदायक. शरीर जुनं, पण केप, हत्यार किंवा मुखवटा कालपरवा बनवलेला. अशा भागाला संग्राहक ‘रिप्रो’ म्हणतात. रिप्रो लावण्यात गैर काही नाही. तो आहे हे न सांगता मूळची किंमत मागणं ही लबाडी.

तिन्ही जाती जमवता येतात. नव्या वळणाच्या फिगर घेणारा कमअस्सल संग्राहक असतो असं मला मुळीच वाटत नाही. उलट पहिल्या वर्षी त्याच घ्याव्यात, हात बसतो. फक्त आपण कोणत्या जातीचे पैसे मोजतो आहोत ते माहीत असलं पाहिजे.

*तपासून पाहा:* ‘मी अमुक वर्षांतल्या, अमुक कंपनीच्या, अमुक जातीच्या फिगर जमवणार’ हे वाक्य तुम्हाला एका दमात म्हणता येतं का? येत नसेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा २: एकच माप, एकच मालिका, एक यादी

नवशिक्यांची कपाटं मी लगेच ओळखतो. आठ इंची बॅटमॅनशेजारी साडेचार इंची रॉबिन, त्याच्या पुढ्यात सहा इंची स्पायडरमॅन. बारशाला जमलेले पाहुणे वाटतात. सुरुवातीला एक माप धरा.

मापं साधारण अशी. मेगोचे कापडी बाहुले २० सेंटिमीटर. मेगोच्याच १९७९ पासूनच्या ‘पॉकेट’ फिगर आणि हॅस्ब्रोच्या छोट्या रेट्रो फिगर साडेनऊ सेंटिमीटर. ‘सुपर पॉवर्स’ आणि ‘सीक्रेट वॉर्स’ साडेअकरा-बाराच्या आसपास. हॅस्ब्रोची मोठी ‘मार्व्हल लेजंड्स’ मालिका, जी जुन्या टॉय बिझ धर्तीच्या कार्डांवरही मिळते, ती १५ सेंटिमीटर. विक्रेत्याकडून पट्टी शेजारी ठेवून काढलेला फोटो मागा, कारण जाहिरातीतली ‘सहा इंच’ कधीकधी खोक्याची उंची असते.

माप ठरलं की मालिका निवडा आणि तिची पूर्ण यादी हाताने लिहून काढा. ‘सुपर पॉवर्स’मध्ये एकूण ३४ फिगर आहेत, आवाक्यातला आकडा आहे. प्रत्येक नावापुढे दोन गोष्टी लिहायच्या: सोबत काय काय मिळत होतं आणि फिगर काय करत होती. हा दुसरा रकाना लोक गाळतात आणि पुढे पस्तावतात. या फिगरमध्ये आत यंत्रणा होती. सुपरमॅनचे पाय दाबले की हात ठोसा मारतात. फ्लॅशचे हात दाबले की पाय पळतात. वंडर वूमनचे पाय दाबले की हात समोर येतात. ॲक्वामॅनला त्रिशूळ, ग्रीन लँटर्नला कंदील, पेंग्विनला छत्री, जोकरला मोठा हातोडा, हॉकमॅनला पंख आणि गदा. फ्लॅशला मात्र हातात काहीच नव्हतं, त्यामुळे ‘सर्व ॲक्सेसरींसह फ्लॅश’ असं लिहून जास्त पैसे मागणाऱ्याला हसून नमस्कार करावा.

यादीत अवघड नावांवर खूण करा. ‘सुपर पॉवर्स’मध्ये शेवटच्या खेपेतला सायबॉर्ग महाग जातो. मेगोमध्ये मुखवटा निघणारा सुरुवातीचा बॅटमॅन हा रंगवलेल्या मुखवट्याच्या बॅटमॅनपेक्षा कितीतरी महाग. त्याहून दुर्मीळ म्हणजे १९७४ मध्ये माँटगोमेरी वॉर्ड या अमेरिकन दुकानासाठी काढलेले साध्या वेशातले क्लार्क केंट, ब्रूस वेन, डिक ग्रेसन आणि पीटर पार्कर, म्हणजे मुखवट्याविना सुपरमॅन, बॅटमॅन, रॉबिन आणि स्पायडरमॅन. खोटा माल नेमका इथेच जास्त. या नावांना पहिली दोन वर्षं हात लावू नका.

आपल्याकडची एक गोष्ट यादी करताना लक्षात असू द्या. फनस्कूलने परदेशी साच्यांतून भारतात ‘जी. आय. जो’ या अमेरिकन सैनिकांच्या मालिकेतल्या फिगर काढल्या. कंपनीचा एक कारखाना गोव्यात आहे. त्यांतल्या काहींची रंगसंगती अमेरिकन फिगरपेक्षा इतकी निराळी आहे की परदेशातले संग्राहक त्या मुद्दाम शोधतात. हे काही सुपरहिरो नव्हेत, पण मुद्दा तोच आहे: रंग वेगळा दिसला म्हणून वस्तू नकली ठरवू नका. मामाच्या माळ्यावर अशी पेटी असेल तर ती भंगारवाल्याकडे जाण्याआधी एकदा उघडून बघा.

टप्पा ३: वस्तू येण्याआधी जागा तयार ठेवा

हा टप्पा इथे आलेला पाहून लोक चकित होतात. पण मुंबई, कोकण आणि गोव्यात राहणाऱ्याने जागेआधी फिगर घेणं म्हणजे छप्पर घालण्याआधी धान्य भरणं.

जुन्या फिगरचे चार वैरी: ऊन, उष्णता, दमट हवा आणि चुकीचं शेजारी प्लास्टिक.

उन्हाने पांढरं आणि फिकट प्लास्टिक पिवळं पडतं, लाल-निळे रंग विटतात. खिडकीसमोरची भिंत म्हणून बाद. उष्णतेने मऊ प्लास्टिकचे पाय वाकतात. मे महिन्यात उभी केलेली फिगर जूनमध्ये नाक घासून पडलेली दिसते, ती त्यामुळेच. दमट हवेने कापडी पोशाखावर बुरशी येते, टिचबटणं गंजतात, कार्ड फुगून वाकतं. संग्रहाला ५० टक्क्यांच्या आसपासची आर्द्रता बरी. किनारपट्टीवर पावसाळ्यात ती ८० च्या वर राहते. दारं घट्ट बसणारं काचेचं कपाट, आत एक छोटा आर्द्रतामापक आणि ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पिशव्या, एवढी तयारी आधी करा. रंग बदलणारे दाणे घ्या, म्हणजे ते भरले की कळतं. मग तापवून पुन्हा वापरता येतात.

चौथा वैरी कमी लोकांना ठाऊक असतो. मऊ पीव्हीसी लवचीक राहावं म्हणून त्यात तेलकट द्रव्य मिसळलेलं असतं. वर्षानुवर्षांनी ते बाहेर झिरपतं, फिगर चिकट होते, आणि तो मऊ भाग कडक प्लास्टिकला टेकून राहिला तर तिथे वितळल्यासारखा डाग पडतो. मऊ केप, मऊ बूट आणि मऊ मुखवटे कडक अंगाला महिनोन्‌महिने दाबून ठेवू नका. सुटे भाग ठेवायला पॉलिइथिलिन किंवा पॉलिप्रॉपिलिनच्या पिशव्या घ्या. जाड, पारदर्शक आणि वास येणाऱ्या पीव्हीसी पिशव्या नकोत.

*सावध:* कपाटात डांबरगोळ्या ठेवू नका. साड्यांना चालतात म्हणून आपला हात आपोआप तिकडे जातो. नॅफ्थलिनची वाफ पॉलिस्टायरिन जातीच्या प्लास्टिकला मऊ करते. मी ही चूक केली आहे. गणपतीला गावी जाताना डब्यात चार गोळ्या टाकल्या, परत आलो तर खेळण्यातल्या एका वाहनाची काच धुरकटली होती आणि गोळीखालच्या भागाला खळगा पडला होता. झुरळं आणि कसर यांच्यासाठी कपाट कोरडं आणि बंद ठेवणं हाच उपाय.

टप्पा ४: वस्तू तपासा, फोटोतही आणि हातातही

फोटो मागताना ‘अजून फोटो पाठवा’ असं मोघम लिहू नका. विक्रेता त्याच बाजूचे आणखी तीन फोटो पाठवतो. नेमके हे मागा: समोरून, पाठीमागून, पाठीवर किंवा पायावर कोरलेल्या अक्षरांचा जवळून, सांधे वाकवून, केप काढून, आणि आजची तारीख लिहिलेल्या कागदाशेजारी.

मग या क्रमाने बघा.

१. *कोरलेली अक्षरं.* कंपनी, देश आणि वर्ष. वर्षाचा अर्थ नीट घ्या. ते बहुधा स्वामित्वहक्काचं किंवा साच्याचं वर्ष असतं, फिगर बनल्याचं नव्हे. मेगोच्या बऱ्याच बाहुल्यांच्या पाठीवर रोमन आकड्यांत सत्तरीच्या सुरुवातीचं साल असतं आणि बाहुला विकला गेलेला असतो पाच-सहा वर्षांनंतर. अक्षरं बुजलेली, कडा बोथट आणि फिगर मूळ मापापेक्षा किंचित लहान असेल तर ती दुसऱ्या फिगरवरून साचा काढून ओतलेली असण्याची शक्यता मोठी. अशा नकला मुळापेक्षा थोड्या आक्रसतात.

२. *सांधे.* उभी राहते का? डोकं डुगडुगतं का? मेगोच्या बाहुल्यांत हातपाय आतल्या रबराने ओढून धरलेले असतात. रबर वाळलं की अवयव लोंबतात. हे दुरुस्त होतं, म्हणून किंमत पाडायला हे चांगलं कारण आहे. सांध्याशी तडा असेल तर मात्र सोडून द्या.

३. *यंत्रणा.* ‘सुपर पॉवर्स’ असेल तर पाय किंवा हात दाबतानाचा दहा सेकंदांचा व्हिडिओ मागा. मॅकफार्लेनच्या नव्या फिगरमध्ये ही यंत्रणा नाही. त्यामुळे जुनी म्हणून विकायला आलेली फिगर दाबल्यावर ढिम्म राहिली, तर एकतर ती मोडलेली आहे किंवा नवी आहे. दोन्हीत किंमत उतरते.

४. *रंग.* नाकाचं टोक, छातीवरचं चिन्ह, बुटांची टोकं. खेळून झिजलेला रंग उंचवट्यांवर झिजतो. खळग्यांत रंग कमी आणि उंचवट्यावर ताजा तकतकीत असेल तर कोणीतरी ब्रश फिरवला आहे.

५. *केप आणि हत्यारं.* रिप्रो सर्वांत जास्त इथे. कापडाचा पोत, कडेची शिवण आणि गळ्याशी असलेली पट्टी मूळच्या फोटोशी ताडून बघा. अंगाचा रंग उडालेला आणि केप मात्र नवरीच्या शालूसारखी, असं जोडपं दिसलं की विचारा. प्रामाणिक विक्रेता लगेच कबूल करतो.

६. *कार्ड असेल तर.* सोनाराकडे असतं तसं दहापट भिंग घ्या, दोनशे-तीनशे रुपयांत मिळतं. कारखान्यात छापलेल्या चित्रात रंगांचे ठिपके ठरावीक नक्षीत दिसतात आणि बारीक काळ्या अक्षरांच्या कडा धारदार असतात. घरच्या प्रिंटरवर काढलेल्या कार्डात ठिपके विस्कटलेले आणि अक्षरांच्या कडा पसरट दिसतात. मग कार्डावर फिगर झाकणाऱ्या प्लास्टिकच्या बुडबुड्याची कड तपासा. गोंदाची दुहेरी रेघ, कडेखाली फाटलेला कागद, एका बाजूला चमक, यातलं काही दिसलं तर तो उघडून परत चिकटवलेला समजा.

‘सी-८’, ‘सी-९’ असे आकडे ऐकाल. संग्राहक १ ते १० मध्ये अवस्था सांगतात. हे गुण विक्रेता स्वतःच स्वतःला देतो हे विसरू नका. परीक्षेत मुलानेच आपला पेपर तपासावा तसं. ‘एएफए’ (ॲक्शन फिगर ऑथॉरिटी) सारख्या संस्थेकडून तपासून ॲक्रिलिकच्या पेटीत बंद केलेल्या फिगरवर जास्त भरवसा ठेवता येतो, पण आपल्या बहुतेकांच्या खरेदीला तो खर्च झेपणारा नाही आणि गरजेचाही नाही.

पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात हात घालत असाल तर वेगळा नियम. तिथे फिगर सुट्या, मळलेल्या आणि गठ्ठ्यात असतात. वरची यादी पूर्ण करायला कोणी वेळ देत नाही. अक्षरं आणि सांधे, एवढंच बघा आणि गठ्ठ्याचा भाव करा. एका फिगरवर बोट ठेवलंत की तिचा भाव चढलाच.

टप्पा ५: किंमत, जकात आणि मगच पैसे

मागितलेली किंमत म्हणजे बाजारभाव नव्हे. ईबेवर विकल्या गेलेल्या वस्तूंची गाळणी लावता येते, ती लावा आणि त्याच फिगरचे, त्याच अवस्थेतले निदान पाच व्यवहार बघा. सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा सोडा. उरलेल्यांच्या आसपास तुमची मर्यादा.

परदेशातून मागवताना लोक फक्त फिगरची किंमत बघतात. जकात मात्र वस्तू, पाठवणावळ आणि विमा मिळून होणाऱ्या रकमेवर लागते. समजा फिगर २००० रुपयांची आणि पाठवणावळ २५०० रुपयांची. हिशेब ४५०० वरून सुरू होतो. खेळण्यांवरची आयात जकात २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली आणि २०२३ मध्ये ७० टक्के. त्या ७० टक्क्यांनी धरलं तर ३१५० रुपये जकातीचेच, त्यावर आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) आणि कुरिअरचा हाताळणी आकार. दोन हजारांची फिगर आठ-नऊ हजारांच्या घरात जाते ती अशी. पार्सल व्यक्तिगत वापराचं म्हणून सुटतं की खेळणी म्हणून, यावरही दर बदलतो आणि दर अर्थसंकल्पात हलतात, म्हणून मागवण्याच्या आठवड्यातला दर बघूनच गणित मांडा.

शिवाय १ जानेवारी २०२१ पासून भारतात खेळणी विकायला आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. चाळीस वर्षांपूर्वीच्या अमेरिकन बॅटमॅनवर ते कुठून येणार? पार्सल अडकलं तर कागदपत्रं मागितली जातात. खरेदीची पावती, ‘संग्रहासाठी, वैयक्तिक वापरासाठी’ असा स्पष्ट उल्लेख आणि स्वतःचं केवायसी आधीच तयार ठेवा. विक्रेत्याला ‘गिफ्ट लिही, दहा डॉलर लिही’ असं सांगू नका. ते खोटं घोषणापत्र ठरतं, आणि पार्सल हरवलं तर भरपाईही दहा डॉलरचीच मिळते.

म्हणूनच अमेरिकेत किंवा आखातात चुलतभाऊ असेल तर त्याच्या पत्त्यावर चार-पाच फिगर गोळा करून एकदाच पाठवायला सांगणं सोयीचं. तो येताना बॅगेत आणणार असेल तर खोकी नको, कार्डं सपाट आणि फिगर कपड्यांत गुंडाळून. पण वहिनींना आधी विचारा. दुसऱ्याच्या बॅगेतले तीन किलो म्हणजे तीन किलो लोणचं कमी, हे लक्षात ठेवा.

देशातल्या देशात यूपीआयने अनोळखी माणसाला थेट पैसे पाठवले की ते गेले. परत मिळवून देणारी यंत्रणा मध्ये कोणी नसते. ओळखीच्या दोन संग्राहकांनी त्याच्याशी व्यवहार केला आहे का, ते विचारा. पहिला व्यवहार लहान रकमेचा ठेवा. परदेशी विक्रेत्याला पेपालने देताना खरेदीसंरक्षण असलेलाच पर्याय निवडा. ‘मित्रांना पैसे पाठवा’ या पर्यायाचा आग्रह धरणारा मित्र नसतो.

*थांबा:* पैसे देण्याआधी एक दिवस जाऊ द्या. ‘आणखी दोघं विचारत आहेत’ हे वाक्य मी प्रत्येक विक्रेत्याकडून ऐकलं आहे.

टप्पा ६: पार्सल आलं, आता घाई नको

खोकं उघडतानाचा व्हिडिओ एका सलग तुकड्यात काढा, पत्त्याच्या चिठ्ठीपासून सुरुवात करून. तुटफूट निघाली तर हाच तुमचा पुरावा. पावसाळ्यात थंड गोदामातून आलेलं पार्सल लगेच उघडू नका. तासभर खोलीत राहू द्या, नाहीतर आत दव धरतं.

फिगर थेट कपाटात जात नाही. दोन आठवडे वेगळ्या डब्यात. कार्डात कसर, कापडात बुरशी, आणि धूम्रपानाच्या घरातून आलेल्या फिगरचा वास, या तीन गोष्टी शेजाऱ्यांना लागतात. या दोन आठवड्यांत नोंद करून टाका: कुठून, कधी, किती रुपये, कोणते भाग मूळ आणि कोणते रिप्रो. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. पाच वर्षांनी विकायला काढाल तेव्हा तुम्हीच विसरलेले असाल, आणि मग नकळत तुम्हीच तो लबाड विक्रेता होता.

टप्पा ७: साफसफाई

सर्वांत जास्त नुकसान इथे होतं, आणि तेही प्रेमाने.

क्रम असा ठेवा. आधी कोरडं, मग ओलं, आणि रसायन जवळपास कधीच नाही.

१. केप, हत्यार, पोशाख काढा. मेगोचा पोशाख काढताना हात ओढू नका, आधी टिचबटणं सोडवा आणि हाताचे पंजे पातळ प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून बाहीतून सरकवा. अडकलेला सांधा जोराने वळवू नका. हेअर ड्रायरच्या सौम्य उबेने मिनिटभर शेकला की तो ढिला होतो.

२. मेकअपच्या मऊ ब्रशने धूळ झाडा. वरून खाली.

३. कोमट पाण्यात भांडी घासायच्या द्रवाचा एक थेंब. कापसाची काडी बुडवून, पिळून, पाठीवरच्या कोपऱ्यात आधी चाचणी. काडीला रंग लागला तर तिथेच थांबा.

४. चाचणी ठीक असेल तर हळूहळू पुसा, साध्या पाण्याच्या काडीने साबण काढा, सुती फडक्यावर आडवी ठेवून पंख्याखाली वाळवा. उन्हात नाही.

यंत्रणा असलेली फिगर पाण्यात बुडवायची नाही. सांध्यांच्या फटीतून पाणी आत शिरतं आणि बाहेर यायचा रस्ता नसतो. रबराने ओवलेला आणि टाचण्या असलेला बाहुलाही बुडवायचा नाही.

कापडी केप वेगळी. ओला पांढरा कापूस लाल कापडावर दाबून रंग सुटतो का बघा. सुटत नसेल तर थंड पाण्यात दोन मिनिटं, पिळणं नाही, टॉवेलमध्ये दाबून सावलीत सपाट वाळवणं. छातीवरचं चिन्ह चिकटवलेलं असेल तर पोशाख अजिबात भिजवू नका.

वाकलेले पाय किंवा हत्यार सरळ करायचं असेल तर गरम पाण्यात, उकळत्या नव्हे, काही सेकंद. सरळ धरा आणि लगेच थंड पाण्यात. हे फक्त मऊ प्लास्टिकला चालतं. कडक प्लास्टिक तडकतं.

*सावध:* नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यातलं ॲसिटोन एबीएस आणि पॉलिस्टायरिन ही कडक प्लास्टिकं विरघळवतं. स्पिरिट नको, रंग निघतो. पांढरा ‘जादूचा’ स्पंज नको, तो मुळात बारीक पॉलिशपेपर आहे. पिवळेपणा काढायला हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ऊन असा उपाय सांगितला जातो. त्याने प्लास्टिक पांढरं होतं खरं, पण पुन्हा पिवळं पडू शकतं, पट्टे उमटतात आणि रंगवलेल्या भागाचं वाटोळं होतं. मोडक्या फिगरवर करून बघा, चांगल्यावर नको.

कार्डावरची फिगर असेल तर सुकं मऊ फडकं, बस. किमतीचं जुनं लेबल तर काढूच नका. ते काढताना कागदाचा थर निघतो, आणि त्या लेबलावरचं दुकानाचं नाव हा तुमच्या फिगरच्या प्रवासाचा एकमेव कागद असतो.

टप्पा ८: मांडणी आणि पावसाळ्याचं वेळापत्रक

फिगर स्वतःच्या पायांवर उभी ठेवण्याचा हट्ट नको. पायात खाच असेल तर पारदर्शक स्टँड घ्या. सीक्रेट वॉर्सच्या ढाली हातात अडकवून वर्षभर ठेवू नका, मनगटावर ताण येतो. ढाली शेजारी टेकवा. नव्याने ऑइलपेंट दिलेल्या फळीवर मऊ प्लास्टिकचे पाय चिकटतात, म्हणून खाली काच किंवा ॲक्रिलिकची पट्टी. दिवे एलईडी आणि कपाटाच्या बाहेर.

दाटीवाटी करू नका. कपाटात साठ मावतात म्हणून साठ मांडल्या की मागच्या रांगेकडे सहा महिने कोणी बघत नाही, आणि बुरशी मागूनच सुरू होते. मी तीस मांडतो, बाकीच्या डब्यात. दर दिवाळीला पाळी बदलते.

मेच्या शेवटच्या आठवड्यात सिलिका जेल तापवून भरा, कार्डं ताठ पेटीत घाला, भिंतीला ओल येणारी बाजू रिकामी करा. जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी आर्द्रतामापक आणि सिलिकाचा रंग. कापडी पोशाखाच्या काखेत आणि केपच्या आतल्या बाजूला बोट फिरवा, बुरशी आधी तिथे धरते. दिसलीच तर फिगर लगेच बाहेर, कोरड्या ब्रशने गॅलरीत झाडायची, घरात नाही, आणि पुन्हा दोन आठवड्यांचा वेगळा डबा. बाहेर लख्ख ऊन पडलं म्हणून कपाटाची दारं सताड उघडू नका. पावसाळ्यातली उघडीप असली तरी हवा दमटच असते. दारं उघडायची ती ऑक्टोबरात, मापक साठच्या खाली आल्यावर.